बिशपसाहेब कोणाचे कोण

जयवंताचं एक होतं. नात्याशिवाय माणूस तिला दिसतच नसे. अल्लीपूरहून हिंगणघाटच्या बाजाराला भाजी घेऊन जाताना एसटीचा कंडक्टर तिचा भाऊ झालेला होता, म्हणून त्याच्या घरी दर बाजारी मेथीची जुडी फुकट जायची. तराजू दुरुस्त करणारा मोतीलाल हा दीर. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर ही धाकटी जाऊ; जिनं लग्नच केलं नाही ती जाऊ कोणाच्या हिशेबानं, हे जयवंताला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिच्याकडे उत्तर असतंच. तिचा नवरा रूपराव म्हणायचा, घरात चोर शिरला तर ही त्याला आधी मामा करील, आणि मामाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून स्वतःच भांडी काढून देईल.

अशाच एका नात्यानं तिची चांगली गोची केली. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल.

मिशन म्हणजे काही फार मोठं नव्हतं. गावाबाहेर रस्त्याला लागून दोन खोल्यांचा दवाखाना, एक कौलारू चर्च, मागे स्वयंपाकघर आणि पुढे एक कडुनिंब. तिथं फादर मथाई आले ते केरळातून, वय तिशीच्या आतलं. मराठी कुठंतरी वर्गात बसून पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे रेडिओवरच्या बातम्यांसारखे बोलायचे. जयवंता पहिल्यांदा टोपली घेऊन गेली तर म्हणाले, "आपण कृपया आसनस्थ व्हा." ती दारातच उभी राहिली, कारण ही काय करायची गोष्ट आहे ते तिला समजेना.

त्यांना हाक कशी मारायची याचा गावात मेळ नव्हता. सरपंच फादरसाहेब म्हणायचे, म्हातारे पाद्रीबाबा म्हणायचे, आणि ताप घेऊन येणारे नुसतंच डॉक्टर म्हणून मोकळे व्हायचे. मिशनच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणारी आनंदाबाई या बाबतीत गावाची वकील होती. फादरला फादर म्हणायचं, 'जी' लावायचं नाही. सिस्टरला सिस्टर, मोठ्या सिस्टरला मदर. आल्यावर 'जय येशू' म्हणायचं, मग काम सांगायचं. वादळात पत्रे उडालेल्यांना, म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं असणाऱ्यांना, सगळ्यांना आनंदाबाई आधी स्वयंपाकघरात बोलावून हे पाठ करून घ्यायची आणि मगच पुढच्या खोलीत सोडायची. मिशनमधून मदत मिळायची ती फादरच्या दयेनं, पण गावाचा विश्वास होता की ती आनंदाबाईच्या शिकवणीनं मिळते.

जयवंताला ते 'फादर' काही जमलं नाही. त्याचा अर्थ बाप होतो असं तिला तिच्या पोरीनं, नलूनं सांगितलं होतं, आणि जयवंताचा बाप आर्वीला चांगला धडधाकट बसलेला होता. काही दिवस तिनं 'अहो' वर भागवलं. मग आली भाऊबीज.

रूपरावाला बहीण नव्हती. भाऊबीजेला गावभर ताटं फिरायची आणि हा माणूस सकाळपासून विहिरीवरचं इंजिन खोलून बसायचा, जणू ते बरोबर त्याच दिवशी बिघडायचं होतं. भाऊ नसलेल्या बायकांना निदान चंद्र तरी असतो. बहीण नसलेल्या भावाची कोणी सोय केलेली नाही.

त्या दिवाळीत फादरची आई अन्नम्मा पोराला भेटायला आली होती. पांढरं लुगडं, पांढरं झंपर, मागे निऱ्यांचा पंखा काढलेला, आणि कानाच्या वरच्या पाळीत सोन्याच्या जाड रिंगा. पांढरं पाहून बायका चुकचुकल्या. मग कळलं की नवरा छान आहे, तिकडे रबराची झाडं चिरतो. फादर आईला घेऊन गाव दाखवत दाखवत जयवंताच्या घरी आले तो नेमका भाऊबीजेचा दिवस. रूपराव हाताला काळं तेल लावून अंगणात उभा. जयवंतानं विचार केला असं म्हणता येणार नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, नवऱ्याला हात धुवायला लावले, पाटावर बसवलं आणि तबक उचलून अन्नम्माच्या हातात दिलं.

अन्नम्माला आपला एक शब्द येत नव्हता. पण तबकात दिवा असला की पुढचं बाईच्या हाताला आपोआप कळतं. तिनं ओवाळलं. रूपराव रडला नाही, असं तो सांगतो. जयवंतासाठी आणलेलं नवं लुगडं त्यानं बहिणीच्या तबकात ठेवलं, आणि जयवंतानं ते जाताना आनंदानं पाहिलं, म्हणजे जवळजवळ आनंदानं. मग रूपराव उठला आणि त्यानं वाकून फादरचे पाय धरले. फादर दचकून मागे सरले ते पाण्याच्या रांजणावर आदळले.

त्यांना समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे बहिणीचा पोरगा म्हणजे देवाच्या बरोबरीचा. वयानं केवढाही असो, मामा त्याच्या पाया पडतो, मामी पडते. भाच्याला द्यायचं, भाच्याचं घ्यायचं नाही. त्याचा दाणा घरात आला तर बहिणीच्या घरचं ओरबाडून खाल्ल्यासारखं होतं. फादरनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे नाते मला मान्य आहे." तेव्हापासून ते भाचेबुवा आणि जयवंता मामी. त्या दिवसानंतर मिशनमध्ये गेलेल्या भाजीचे पैसे तिनं घेतले नाहीत. आनंदाबाईची भाव करायची मजा गेली, ते दुःख ती अजून सांगते.

आता नलूचं. जयवंताची ही एकुलती पोरगी मॅट्रिक होऊन दवाखान्यात सिस्टरच्या हाताखाली पट्ट्या बांधायची. हात असा हलका, की कोयता लागलेली माणसं सिस्टर सोडून हिच्यापुढे बसायची. सिस्टरनंच तिचं नाव नागपूरला नर्सच्या शिक्षणाला पाठवलं, आणि तिकडून उत्तर आलं, की पोरगी घेतो. फक्त वसतिगृहाचे आणि कपड्या-पुस्तकांचे पैसे अक्षयतृतीयेच्या आत भरायचे. नाही भरले तर जागा दुसरीला. इकडे समुद्रपूरचं एक स्थळ रूपरावाच्या मागे लागलेलं. पोरगा वाईट नव्हता. मुलगी शिकायला जाणार असेल तर आम्ही थांबणार नाही आणि जाणार नसेल तर याच वैशाखात उरकू, एवढंच त्यांचं म्हणणं. नलू सकाळी वांगी तोडायची, दुपारी दवाखान्यात जायची, रात्री जेवायची. फक्त भाजीच्या टोपलीवर फडकं बांधताना हल्ली ती दवाखान्यातल्या पट्टीसारखी गाठ मारायची, ती जयवंताला सुटता सुटायची नाही.

घरात खायला होतं, रोकड नव्हती. बैल विकले तर पेरणी बसली. आणि उसनं मागायला रूपरावाची जीभ कधी वळली नव्हती.

मिशनकडे गरजू पोरींच्या शिक्षणासाठी पैसा असतो हे आख्ख्या गावाला माहीत होतं. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत, फादरनी वर लिहिलं की येतो. मदत घेतली म्हणून कोणी नाव ठेवील का, याचा रूपरावानं एक दिवस विचार केला आणि सोडून दिला. पत्रे घेतलेल्यांना कोणी ठेवलं नव्हतं. अडचण ती नव्हतीच. अडचण अशी, की गावातला कोणीही उठून मागू शकत होता, फक्त हे दोघं सोडून.

"भाच्याचं घेऊन कोनत्या नरकात जाऊ?" रूपराव म्हणाला. जयवंताला नरकाचं एवढं वाटलं नाही. तिच्या डोळ्यासमोर अन्नम्माचा चेहरा आला.

आनंदाबाईनं यावर तोड काढली. म्हणाली, एक दिवसापुरतं नातं बाजूला ठेव. साऱ्या दुनियेसारखी जा, फादर म्हण, मागून घे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भाचेबुवा म्हण. कपडे बदलल्यासारखंच आहे. जयवंताला हे पटलं, निदान स्वयंपाकघरात पटलं. ती तोंडानं घोकत घोकत पुढच्या खोलीत गेली, हात जोडले आणि म्हणाली, "जय येशू, फादर."

फादर लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची सारून उभे राहिले.

"मामी, काय झालं? कोणी गेलं का?"

झालं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मटकन बसली. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. फादरनी ऐकून घेतलं आणि समजुतीनं सांगायला लागले, की मामी, हा पैसा माझा नाहीच. माझ्याजवळ स्वतःचं काही नाही, हा अंगरखासुद्धा मिशनचा. मी फक्त वर लिहितो.

"आन सही कोनाची असते?"

"माझी."

"मंग तुमचंच झालं नं ते."

फादरनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, येत्या महिन्यात बिशपसाहेब येणार आहेत. पोरांना आशीर्वाद द्यायला दोन-तीन वर्षांतून एकदा येतात. पैसा खरं म्हणजे त्यांच्याच हातात असतो. "तुम्ही मला मागू नका. त्यांना मागा."

"थे कोनाचे कोन हायेत?"

"कोणाचेच कोणी नाहीत, मामी."

"तुमचे?"

फादर घाईनं म्हणाले, माझे वरिष्ठ आहेत, नातं काही नाही. जयवंतानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग आनंदाबाईची शिकवणी पुन्हा सुरू झाली. फादरपर्यंत सोपं होतं. बिशपसाहेबांना 'बिशपसाहेब' म्हणायचं, डावा गुडघा टेकायचा आणि त्यांच्या बोटातल्या अंगठीचा मुका घ्यायचा.

"हाताचा मुका?" जयवंता म्हणाली. "नलूच्या बाबाच्या देखत?"

आनंदाबाई म्हणाली, हाताचा नाही, अंगठीचा. हिंदू बायकांनी हात जोडले तरी चालतं, पण काम मोठं असेल तर मी तरी अंगठीच सांगेन. रूपरावाला अंगठीची फिकीर नव्हती. त्याला आपल्या बायकोची होती. जायच्या दिवशी त्यानं तिला दारात थांबवून बजावलं, "पाह्य, तिथं मायेच्या गोष्टी करशीन नोको. घरी कोन हाये, जेवले का, काई विचारू नोको. तू त्या मानसाले काका-मामा करून येशीन आन मंग बसू आपन बोंबलत." एवढं बोलून तो विहिरीवर गेला, इंजिन खोलायला.

बिशपसाहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीच्या घरातले, पांढरा अंगरखा, कमरेला जांभळा पट्टा. सकाळपासून उभं राहून पाय सुजले असावेत, कारण बूट काढून बाजूला ठेवलेले होते आणि मोज्यांच्या वर घोट्यांना वळ पडले होते. जयवंताला आधी ते घोटे दिसले. गरम पाण्यात मीठ टाकून पाय ठेवा, हे वाक्य तिच्या ओठावर येऊन उभं राहिलं. तिनं ते गिळलं, हात जोडले, 'बिशपसाहेब' म्हणाली आणि समोर मातीत बसली. अंगठीचं ऐन वेळी राहूनच गेलं.

बिशपसाहेबांना हिंदी येत होती, मराठी समजत नव्हती. फादर शेजारी उभे होते. साहेबांनी गाव विचारलं, तिनं गाव सांगितलं. शेती विचारली, तिनं शेती सांगितली. एका शब्दाचं उत्तर, दुसरा शब्द नाही. भाजीच्या टोपलीपुढे दिवसभर बोलणारी ही बाई अशी तोंड शिवून का बसली, हे आनंदाबाईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून समजेना. साहेब म्हणाले, दुपारी जेवणात वांग्याचं भरीत फार चांगलं होतं, वांगी तुमच्याकडची असं कळलं. आणि हसून पुढे म्हणाले, "मेरी बड़ी बहन ऐसा ही बनाती थी."

'थी' म्हणाले. म्हणजे गेली. कधी गेली, काय झालं होतं, मागे कोण आहे, सगळं जयवंताला विचारायचं होतं. तिनं मान वळवून कडुनिंबाकडे पाहिलं. झाडावर एक कावळा होता, त्याच्याकडे पाहत राहिली. बिशपसाहेबांना वाटलं बाईला काही बोलायचं नाही, ते जरा ओशाळले.

मग ओळख करून द्यावी म्हणून फादर म्हणाले, ही माझी मामी.

बिशपसाहेबांनी मथाईकडे पाहिलं, मग जयवंताच्या लुगड्याकडे, मग पुन्हा मथाईकडे. केरळातल्या फादरची मामी अल्लीपुरात कशी, हे ते विचारणार तेवढ्यात जयवंताच्या ध्यानात आलं, की भाच्याकडून हे नातं पुढे साहेबांपर्यंत सरकलं तर कारभार आटोपला. ती एकदम उठून उभी राहिली.

"हे माहे भाचे हायेत," ती म्हणाली. "यायले मांगता येत नाई. तुमी माहे कोनीच नाई. म्हनून तुमाले मांगतो. पोरीले नर्स कराचं हाये, पैसे नाई."

बिशपसाहेबांनी फादरकडे पाहिलं: काय म्हणते?

फादर मथाईंवर असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. 'तुम्ही माझे कोणी नाही' हे एका बिशपला त्याच्या तोंडावर सांगायचं, तेही आपल्या वरिष्ठाला, चांगल्या हिंदीत. मऊ करून सांगता आलं असतं. त्यांनी मामीकडे पाहिलं; तिचे हात जोडलेले होते आणि पायाचा अंगठा माती उकरत होता. फादरनी एकही शब्द न गाळता सांगितलं. मग भाऊबीज, रांजण, भाच्याचं का घ्यायचं नाही, तेही सांगितलं. ते हिंदीत सांगायला बराच वेळ लागला.

स्वयंपाकघरात आनंदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या सगळ्या शिकवणीत हे वाक्य कुठंच नव्हतं. मग साहेबांचे खांदे हलायला लागले. त्यांनी अंगठीवाला हात डोळ्यांवर धरला आणि इतके हसले की कडुनिंबावरचा कावळा उडाला.

डोळे पुसून ते हळू हळू बोलले, आणि हिंदी असूनही जयवंताला सगळं समजलं. म्हणाले, चाळीस वर्षं झाली, माणसं माझ्याकडे मागायला येतात. कोणी बाप म्हणतं, कोणी मालक म्हणतं, कोणी आणखी काही. तुम्ही कोणीच नाही म्हणून मागायला आलं, असं आजवर कोणी आलं नव्हतं. पोरीचे पैसे मिशन भरेल. त्यांनी फादरला कागद आणायला सांगितला.

"सही भाच्याची नोको," जयवंता म्हणाली.

हे फादरनी हिंदीत करायच्या आतच साहेबांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं. खाली लपेटदार सही केली, शाई वाळायला कागद हवेत धरला, आणि तिच्या हातात देताना विचारलं, "अब तो मैं कुछ लगता हूँ?"

हे मात्र अवघड होतं. माणूस चांगला होता, बहीण गेलेली होती, पाय सुजलेले होते. तिनं कागद पदराखाली घेतला आणि मनाचा हिय्या केला.

"अजून नाई. पोरीचं शिक्षन साडेतीन वर्साचं हाये. दरसाली मांगा लागन. थे होऊ द्या, मंग पाहू."

फादरनी सांगितलं. बिशपसाहेबांनी मान डोलावली, थांबतो म्हणाले.

जाता जाता ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आनंदाबाई तिला काहीतरी बोलणारच होती, पण जयवंतानं तिचा हात धरून हळूच सांगितलं, "त्याईच्या पायाले मीठपान्याचा शेक दे, आनंदाबाई. चांगलं सोसवन एवढं गरम. माह्यं नाव नोको घेऊ."

घरी रूपराव तेलाचे हात घेऊन उभाच होता. तिनं कागद त्याच्या हातात दिला नाही, तेल लागेल म्हणून, दुरून दाखवला. काय म्हणाले, तू काय म्हणालीस, कोणी कोणाचं झालं तर नाही ना, असं त्यानं खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं, कोणी कोणाचं झालं नाही, पण फार जड गेलं.

नलू चुलीजवळ होती. ती उठली, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली ओढली, झाकण उघडलं, आणि पेरणीसाठी जपून ठेवलेली सरकी तिथंच घराच्या मधोमध ओतली. बुरा उडाला, रूपराव खोकायला लागला.

"अवं, सरकी आता कायच्यात ठेवू?"

"पाहा दुसरं कायी," नलू म्हणाली, आणि ओल्या फडक्यानं पेटी आतून पुसायला बसली.